लिनक्सचे पॅकेज बांधताना एरर आला, तर



आपल्या प्रयोगशाळेत नववी-दहावीची मुले आता सी भाषेतले छोटे प्रोग्राम लिहू लागली आहेत. प्रोग्राम लिहिला, स्वतःच्या यंत्रावर चालला, की काम संपले असे बहुतेकांना वाटते. खरे पाहता अर्धे काम तिथून पुढे असते. तोच प्रोग्राम शेजारच्या यंत्रावर, दुसऱ्या शाळेत किंवा मावशीच्या घरी एका कमांडने बसला पाहिजे, आणि नको झाला तर एका कमांडने मागे काही न ठेवता निघून गेला पाहिजे. त्यासाठी त्याचे पॅकेज बांधावे लागते. पॅकेज बांधायला घेतले की पडद्यावर शे-दोनशे ओळी सरसर धावतात, शेवटी 'एरर' हा शब्द येतो आणि मुले हात वर करतात. हा पाठ त्या क्षणासाठी लिहिला आहे.

आपल्या पत्रिकेच्या रीतीप्रमाणे सर्व कमांड आणि संदेश येथे देवनागरीत छापले आहेत. यंत्रावर ते रोमन लिपीतच टाइप करायचे असतात. त्यांची स्पेलिंगे प्रयोगशाळेतील फळ्यावर लिहून ठेवली आहेत. उदाहरणे डेबियन या लिनक्सची घेतली आहेत. डेबियनची सुरुवात इयन मर्डॉक यांनी १९९३ साली केली. उबुंटू डेबियनवरच उभे आहे आणि आपल्या सी-डॅकने तयार केलेली 'बॉस' लिनक्सही डेबियनवर आधारलेली आहे. म्हणून येथे शिकलेले पुष्कळ ठिकाणी उपयोगी पडेल.

पॅकेज म्हणजे काय? दिवाळीत परगावच्या नातेवाइकांना आपण फराळाचा डबा पाठवतो. बेसन, तूप, साखर असे सुटे सामान कुणी पाठवत नाही. डब्यात तयार पदार्थ असतात आणि वर एक चिठ्ठी असते. डेबियनचे पॅकेज, म्हणजे ज्या फाइलच्या नावाच्या शेवटी 'डेब' येते ती, अगदी अशीच असते. तिच्या आत तीन वस्तू असतात. एक, पॅकेजची पद्धत कोणती ते सांगणारी इवलीशी फाइल. दुसरी, 'कंट्रोल' नावाची गाठोडी, म्हणजे आपली चिठ्ठी. आणि तिसरी, 'डेटा' नावाची गाठोडी, म्हणजे प्रत्यक्ष फराळ. हा डबा ज्या कच्च्या सामानापासून भरायचा त्याला सोर्स कोड म्हणतात. सोर्स कोडच्या फोल्डरमध्ये 'डेबियन' नावाचे एक उपफोल्डर करायचे आणि त्यात मुख्यतः चार फाइली लिहायच्या. 'कंट्रोल'मध्ये पॅकेजचे नाव, वर्णन आणि बांधण्यासाठी काय काय लागते त्याची यादी. 'रूल्स'मध्ये बांधण्याची कृती. 'चेंजलॉग'मध्ये आवृत्त्यांचा इतिहास. आणि 'कॉपीराइट'मध्ये हक्कांची नोंद. मग 'डीपीकेजी-बिल्डपॅकेज' ही कमांड दिली की यंत्र कामाला लागते.

आता एररकडे वळू. पालकांपैकी काहींनी विचारले होते की मुलगा म्हणतो एरर आला, तर कॉम्प्युटर बिघडला का, मेकॅनिक बोलवायचा का? नाही. पॅकेज बांधताना आलेला एरर हा यंत्राचा आजार नव्हे. 'मला पुढे जाता येत नाही, कारण अमुक गोष्ट मिळाली नाही,' एवढेच तो सांगत असतो. विश्वस्त मंडळींनीही नोंद घ्यावी की या कामाला नवी महागडी यंत्रे लागत नाहीत. जुन्या यंत्रांवर ते सावकाश पण व्यवस्थित होते.

अडचण दुसरीकडे आहे. माझे स्वतःचे शिक्षण पदवीपर्यंत हिंदी माध्यमातून झाले. इंग्रजी ओळ समोर आली की मन ती वाचण्याआधीच मागे सरते, हे मी चांगले जाणतो. आपल्या मुलांच्या बाबतीत मला हेच दिसते. घरी मराठी, रस्त्यावर हिंदी. पडद्यावर इंग्रजी ओळी आल्या की मुलांना ते रागावणे वाटते आणि ती न वाचता खिडकी बंद करतात. वास्तविक या संदेशांची भाषा फार गरीब आहे. पंधरा-वीस शब्दांत सगळा कारभार चालतो. 'मिसिंग' म्हणजे नाही, हवे होते. 'नॉट फाउंड' म्हणजे शोधले, सापडले नाही. 'अनमेट' म्हणजे पूर्ण न झालेली गरज. 'अनडिफाइंड' म्हणजे नाव घेतले आहे पण वस्तू कुठेच नाही. 'डिक्लेरेशन' म्हणजे आगाऊ दिलेली ओळख. 'एक्स्पेक्टेड' म्हणजे येथे हे अपेक्षित होते. 'परमिशन डिनाइड' म्हणजे परवानगी नाही. 'अबॉर्टिंग' म्हणजे मी काम सोडतो आहे. एवढे शब्द वहीत लिहून घेतले तर इंग्रजीत पहिला नंबर नसलेला विद्यार्थीसुद्धा या विद्येत पुढे जाऊ शकतो, आणि हे मी केवळ धीर देण्यासाठी म्हणत नाही.

सर्वांत महत्त्वाचे कौशल्य म्हणजे योग्य ओळ शोधणे. मुले शेवटची ओळ वाचतात, कारण पडद्यावर तीच राहिलेली असते. ती साधारण अशी असते : 'डीपीकेजी-बिल्डपॅकेज: एरर: डेबियन/रूल्स बायनरी सबप्रोसेस रिटर्न्ड एक्झिट स्टेटस २'. या ओळीत काहीच माहिती नाही. समजा नववीच्या वर्गात खिडकीची काच फुटली. मॉनिटर वर्गशिक्षकांना सांगतो, वर्गशिक्षक पर्यवेक्षकांना सांगतात आणि माझ्या टेबलापर्यंत येते ती बातमी अशी, 'सर, नववीत काहीतरी गडबड आहे.' काच कोणत्या खिडकीची, चेंडू कुणाचा, हे कळायला खाली वर्गात जावे लागते. येथेही तसेच आहे. कंपायलर 'मेक'ला सांगतो, 'मेक' डेबहेल्परला, डेबहेल्पर 'रूल्स'ला आणि 'रूल्स' डीपीकेजीला. प्रत्येक जण आपली एक एरर-ओळ छापतो. म्हणून शेवटून वर वर जात पहिला एरर शोधायचा. पहिल्या एररमुळे पुढे वीस एरर आले असले तरी ते मोजत बसू नये; पहिला दुरुस्त केला की बहुधा बाकीचे आपोआप जातात.

यासाठी काही सोयी करून घ्याव्यात. संपूर्ण अहवाल फाइलमध्ये साठवावा; 'टी' नावाची कमांड तो पडद्यावरही दाखवते आणि फाइलमध्येही लिहिते. एररच्या ओळी वेगळ्या मार्गाने येतात, त्याही त्याच फाइलमध्ये वळवायला विसरू नये, नाहीतर फाइलमध्ये नेमके हवे तेच नसते. मग त्या फाइलमध्ये 'एरर' या शब्दापुढे विसर्गचिन्ह, म्हणजे कोलन, लावून शोधावे. नुसता 'एरर' शोधला तर ज्या फाइलींच्या नावातच एरर आहे अशा दहा निरुपद्रवी ओळी सापडतात. आणखी एक. आजची यंत्रे चार-चार कामे एकदम करतात, त्यामुळे अहवालाच्या ओळी एकमेकींत मिसळतात आणि खरा एरर अधेमधे दडतो. 'जे' या पर्यायापुढे १ लिहून बांधले की कामे एकामागून एक होतात, आणि वेळ लागला तरी वाचता येते. 'वॉर्निंग' म्हणजे सूचना. ती वाचावी, पण तिच्यामुळे काम थांबत नाही. मात्र मूळ लेखकाने सूचनांनाही एरर माना असे सांगून ठेवले असेल तर थांबते.

पहिला नेहमीचा एरर काम सुरू होण्याआधीच येतो : 'अनमेट बिल्ड डिपेंडन्सीज' आणि पुढे पॅकेजांची नावे. 'कंट्रोल' फाइलमध्ये लिहिलेले सामान घरात नाही, एवढाच त्याचा अर्थ. ते सामान बसवावे. नाव लिहिण्यात अक्षर चुकले असेल तरी हाच एरर येतो, म्हणून स्पेलिंग पाहावे. ही तपासणी वगळण्याचा पर्यायही कमांडमध्ये आहे; तो मुलांनी वापरू नये. साखर नाही हे ठाऊक असताना पाक करायला ठेवण्यासारखे ते आहे.

याच्या उलट प्रकार जास्त फसवा असतो. यादीत नाव नाही, पण गरज आहे. मग मध्येच कंपायलर थांबतो आणि म्हणतो, 'फेटल एरर: झेडलिब.एच: नो सच फाइल ऑर डिरेक्टरी'. मुले म्हणतात, "सर, झेडलिब तर या यंत्रावर आहे, आम्ही पाहिले." त्यांचे म्हणणे खरे असते. डेबियनमध्ये एका ग्रंथालयाचे दोन भाग केलेले असतात. चालणाऱ्या प्रोग्रामला लागणारा भाग एका पॅकेजमध्ये, आणि नवा प्रोग्राम बांधणाऱ्याला लागणाऱ्या 'एच'वाल्या हेडर फाइली दुसऱ्या पॅकेजमध्ये, ज्याच्या नावाच्या शेवटी 'डेव्ह' असते. जेवणाऱ्याला पदार्थ पुरतो, करणाऱ्याला कृतीही लागते. फेडोरात याच जागी 'डेव्हल' असे असते. कोणती हेडर फाइल कोणत्या पॅकेजमध्ये आहे हे 'एपीटी-फाइल' ही कमांड सांगते. येथे बहुतेक जण अर्धाच उपाय करतात. डेव्ह पॅकेज आपल्या यंत्रावर बसवतात, पॅकेज बांधले जाते आणि टाळ्या वाजतात. परंतु 'कंट्रोल'च्या यादीत ते नाव लिहिलेच नाही, तर दुसऱ्याच्या यंत्रावर तोच एरर पुन्हा येणार. आपल्या यंत्रावर वर्षभरात इतके काही बसवलेले असते की काय काय लागले हे आपल्यालाच कळत नाही.

म्हणून डेबियनची मंडळी पॅकेज एका रिकाम्या खोलीत बांधतात. 'एसबिल्ड' आणि 'पीबिल्डर' ही ती साधने. ती मूळ यंत्रणेची कोरी प्रत घेतात, यादीत लिहिलेले तेवढेच सामान आत आणतात, पॅकेज बांधतात आणि खोली मोडून टाकतात. बांधताना इंटरनेटवरून काही आणायचे नाही, असाही डेबियनचा नियम आहे. जे हवे ते यादीत पाहिजे किंवा सोर्समध्ये पाहिजे. हा नियम मला फार आवडतो. परीक्षेच्या खोलीत वही न्यायची नाही, तसे.

तिसरा एरर कंपायलरचे काम झाल्यावर, सुटे भाग जोडताना येतो : 'अनडिफाइंड रेफरन्स टू एसक्यूआरटी'. गंमत अशी की मुलांनी आधी सोळाचे वर्गमूळ काढणारा प्रोग्राम केला होता आणि तो विनातक्रार बांधला गेला होता. मग संख्या वापरणाऱ्याकडून घेण्याची सोय केली आणि हा एरर आला. का? सोळा ही ठरलेली संख्या आहे; तिचे वर्गमूळ कंपायलर स्वतःच काढून उत्तर लिहून टाकतो, गणिताच्या ग्रंथालयाला विचारतच नाही. संख्या आगाऊ माहीत नसली की ते ग्रंथालय जोडावेच लागते, आणि त्यासाठी 'एल'पुढे 'एम' असा पर्याय द्यावा लागतो. तो कमांडमध्ये आपल्या फाइलींच्या नंतर लिहावा. जोडणारा प्रोग्राम डावीकडून उजवीकडे वाचत जातो. ग्रंथालय आधी लिहिले तर त्या वेळी कुणाला त्याची गरज नसते, तो ते बाजूला ठेवतो आणि पुढे गरज पडली तरी मागे वळून पाहत नाही. उबुंटूसारख्या काही लिनक्समध्ये हा कडकपणा पूर्वीपासून जास्त आहे, म्हणून एका यंत्रावर चाललेली कमांड दुसऱ्यावर अडते.

'मिसिंग सेपरेटर' हा एरर पाहून तर मोठी माणसेही चक्रावतात. ओळ डोळ्यांना अगदी बरोबर दिसते. 'रूल्स' ही खरे तर 'मेक'ची फाइल असते, आणि 'मेक'मध्ये कृतीची ओळ टॅबनेच सुरू व्हावी लागते. आठ वेळा स्पेस दिली तर दिसायला तसेच दिसते, पण चालत नाही. 'मेक' हा प्रोग्राम स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ साली बेल लॅब्जमध्ये लिहिला. टॅबचा हा नियम गैरसोयीचा आहे हे त्यांच्या लवकरच लक्षात आले होते. परंतु तोवर डझनभर लोक तो वापरू लागले होते आणि त्यांची घडी विस्कटू नये म्हणून त्यांनी तो तसाच ठेवला. त्या डझनभरांसाठी आज सगळे जग टॅब दाबते आहे! नव्या 'मेक'ला इतकी दया आली आहे की आठ स्पेस दिसल्या तर तो 'तुम्हाला टॅब म्हणायचे होते का?' असे विचारतो.

नावाचे आणि नोंदींचे एरर थोडक्यात सांगतो. मूळ सोर्सच्या गाठोडीचे नाव डेबियनला ठरावीक पद्धतीने लागते : नाव, मग खालची रेघ म्हणजे अंडरस्कोर, मग आवृत्ती, मग 'ओरिज'. मूळ लेखक बहुधा अंडरस्कोरच्या जागी आडवी रेघ देतो, आणि 'नो अपस्ट्रीम टारबॉल फाउंड' असा एरर येतो. नाव बदलले की झाले. चेंजलॉग हाताने लिहू नये, 'डीसीएच' या साधनाने लिहावा. त्यात तारखेची पद्धत आणि तारखेआधीच्या दोन स्पेसही ठरलेल्या आहेत. शेवटी सही करताना 'सिक्रेट की' नाही असे म्हटले तर घाबरू नये. पॅकेज तोवर बांधून झालेले असते. सरावासाठी सही वगळण्याचे दोन पर्याय फळ्यावर दिले आहेत.

'अनएक्स्पेक्टेड अपस्ट्रीम चेंजेस' हा एरर मात्र समजून घ्यावा. मूळ लेखकाच्या फाइलींत तुम्ही थेट बदल केला आहे, असे तो म्हणतो. डेबियनमध्ये मूळ लेखन जसेच्या तसे ठेवतात आणि आपला बदल 'पॅच' म्हणून वेगळा जोडतात. दुसऱ्याच्या वहीत खाडाखोड न करता स्वतंत्र कागदावर दुरुस्ती लिहून टाचणी लावावी, तसे. पुष्कळदा आपण काही बदललेलेही नसते. आधीच्या अर्धवट प्रयत्नात तयार झालेल्या फाइली मागे राहिलेल्या असतात. त्या साफ करून पुन्हा बांधावे.

आता ज्या एररमध्ये खरा धोका आहे, त्याविषयी. बांधून झालेल्या फाइली मांडताना संदेश येतो की 'यूएसआर/लोकल/बिन' येथे फाइल तयार करता येत नाही, 'परमिशन डिनाइड'. परवानगी नाही म्हटल्यावर हुशार मुलगा काय करतो? कमांडच्या आधी 'सुडो' लावतो, म्हणजे यंत्राचा मालक होऊन हुकूम देतो. एरर जातो आणि डेब फाइल तयार होते. ती शेजारच्या यंत्रावर बसवली तर तीही बसते, फक्त प्रोग्राम कुठेच सापडत नाही. कारण असे की पॅकेज बांधताना फाइली खऱ्या जागी ठेवायच्याच नसतात. त्या 'डेबियन' फोल्डरच्या आतल्या एका खोट्या घरात मांडायच्या असतात आणि त्या घराचा डबा करायचा असतो. त्या घराचा पत्ता डेबहेल्पर 'डेस्टडिर' या नावाने पुढे पाठवतो. मूळ मेकफाइलमध्ये लेखकाने तो पत्ता वापरलाच नसेल, तर फाइली थेट खऱ्या घरात शिरू पाहतात. परवानगी नाकारून यंत्र आपले रक्षण करत होते. सुडो लावल्यामुळे फराळ आपल्याच कपाटात गेला आणि पाहुण्यांकडे रिकामा डबा पोहोचला. त्यातही ती फाइल आता आपल्या यंत्रावर कोणत्याही पॅकेजच्या नोंदीत नाही. एका कमांडने ती निघणार नाही.

उपाय सोपा आहे : मेकफाइलच्या 'इन्स्टॉल' भागात प्रत्येक मार्गाच्या आधी डेस्टडिर लिहायचे, आणि तो बदल पॅच म्हणून जोडायचा. शिवाय पॅकेज तयार झाले की ते वाटण्याआधी 'डीपीकेजी'ला 'सी' हा पर्याय देऊन आतल्या फाइलींची यादी पाहावी. ही सवय प्रयोगशाळेत सक्तीची केली आहे. पॅकेज बांधताना सुडो लावायचे नाही, हाही नियम आहे. मी हे दोन नियम का लावले असे एका पालकांनी विचारले, म्हणून एवढे विस्ताराने लिहिले.

एक प्रश्न हुशार मुले हमखास विचारतील. काही न बदलता कालचे पॅकेज आज का बांधले जात नाही? कारण कंपायलर बदलतो. २०२० साली आलेल्या जीसीसी १० मध्ये एकच सार्वत्रिक चल दोन फाइलींत मोघम लिहिण्याची जुनी सवलत आपोआप मिळेनाशी झाली आणि 'मल्टिपल डेफिनिशन'चे एरर सुरू झाले. २०२४ च्या जीसीसी १४ मध्ये, ओळख करून न देता फंक्शन वापरले तर पूर्वी मिळणारी सूचना आता सरळ एरर झाली. २०२३ च्या डेबियन १२ मध्ये जीसीसी १२ होता, २०२५ च्या डेबियन १३ मध्ये १४ आहे. म्हणजे आपल्या प्रयोगशाळेतील दोन रांगांत दोन वेगळे निकाल मिळू शकतात आणि दोन्ही खरे असतात. अशा वेळी जुना कंपायलर शोधत बसण्यापेक्षा राहिलेली हेडरची ओळ लिहावी. पंधरा वर्षांपूर्वीच लिहायला हवी होती ती.

रेड हॅट, फेडोरा या घराण्यात आरपीएम पॅकेज असते. तिथे चार फाइलींऐवजी एक 'स्पेक' फाइल असते, रिकाम्या खोलीला 'मॉक' म्हणतात आणि यादीला 'बिल्डरिक्वायर्स'. तिथला खास एरर म्हणजे 'इन्स्टॉल्ड बट अनपॅकेज्ड फाइल्स फाउंड' : घरात फाइल मांडली, पण डब्याच्या यादीत लिहिली नाही. त्या घराण्याची शिस्त या बाबतीत जास्त चांगली आहे असे माझे मत आहे.

स्वाध्याय. डेबियनमध्ये 'हॅलो' नावाचे छोटे पॅकेज आहे. ते नमस्कार छापण्यापलीकडे काही करत नाही आणि शिकण्यासाठीच प्रसिद्ध आहे. 'एपीटी सोर्स' या कमांडने त्याचा सोर्स आणावा. 'डेब-एसआरसी'ची ओळ नाही असा एरर आला तर तोच पहिला प्रश्न समजावा. एकदा ते पॅकेज जसेच्या तसे बांधा. मग एका वेळी एकच गोष्ट मुद्दाम बिघडवा : 'रूल्स'मधला टॅब काढून स्पेस द्या, 'कंट्रोल'च्या यादीत जगात नसलेले नाव घाला, सोर्सच्या गाठोडीच्या नावातला अंडरस्कोर बदला, एका सी फाइलमध्ये शेवटी एक ओळ वाढवा. प्रत्येक वेळी आलेला पहिला एरर वहीत रोमन लिपीत जसाच्या तसा उतरवा, त्याखाली मराठीत अर्थ लिहा आणि मग ती गोष्ट पूर्ववत करूनच पुढची बिघडवा. वह्या संगणक शिक्षकांकडे द्याव्यात. ज्यांच्या घरी यंत्र नाही त्यांच्यासाठी शनिवारी शाळा सुटल्यावर प्रयोगशाळा उघडी राहील.